सी. के. नायडूंची सरासरी पंचवीसच का?

दिवाळीच्या सुटीत आंजीला घरी होतो. आंजी (मोठी)मध्ये सध्या चार-पाच जण पेट आणि सेटचा अभ्यास करताहेत. संध्याकाळी आर्वी रोडच्या टपरीवर चहा घेता घेता पहिल्या पेपरची उजळणी चालते. त्या दिवशी विषय होता मध्य, मध्यक आणि बहुलक. उदाहरण क्रिकेटचं द्यावं म्हणून मी सी. के. नायडूंचं नाव घेतलं. नागपूरचा माणूस, भारताचा पहिला कसोटी कर्णधार, आपल्या भागातलं मोठं नाव. एका पोरानं लगेच मोबाइल काढून आकडे वाचले: सात कसोटी, चौदा डाव, ३५० धावा, सरासरी २५. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, पंचवीसच्या सरासरीवर एवढं नाव? काहून?"

मी म्हणालो, "अरे, तो काळच वेगळा होता." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय पुढे गेला.

घरी येताना मात्र माझंच उत्तर मला टोचत राहिलं. प्रबंधात असं वाक्य लिहिलं तर गाइड समासात लाल पेननं विचारतील, नेमकं काय वेगळं होतं, किती वेगळं होतं, कशावरून म्हणता? इतिहास माझा विषय नाही, मी विज्ञानाचा विद्यार्थी. पण आकड्याच्या मागे जाणं हे माझं रोजचं काम आहे. शिवाय त्या पोराचा प्रश्न रास्त होता. तुमच्याही हातात कधी ना कधी असा एखादा आकडा येणार आहे, जो बरोबर तर आहे पण पटत नाही. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी कच्चा डेटा बघू. सरासरी ही शिजवलेली भाजी असते, कच्ची भाजी आधी निवडून बघावी. नायडूंच्या चौदा कसोटी डावांतल्या धावा क्रमानं अशा आहेत. १९३२ची लॉर्ड्स कसोटी: ४० आणि १०. १९३३-३४मध्ये मुंबईला २८ आणि ६७, कलकत्त्याला ५ आणि ३८, मद्रासला २० आणि २. १९३६मध्ये लॉर्ड्सला १ आणि ३, मँचेस्टरला १६ आणि ३४, ओव्हलला ५ आणि ८१. एकदाही नाबाद नाहीत. बेरीज ३५०, भागिले १४, बरोबर २५. म्हणजे मोबाइलवरचा आकडा चुकीचा नव्हता.

आता वही घ्या आणि या चौदा आकड्यांचं प्रमाण विचलन काढा. ते जवळपास २५ येतं, सरासरीइतकंच! फलंदाजीच्या डेटात हे सहसा असंच दिसतं. बरेचसे डाव लहान आणि मधूनच एखादा मोठा, त्यामुळे वितरणाला उजवीकडे लांब शेपूट असतं. त्या २५ला चौदाच्या वर्गमुळानं भागा. स्टँडर्ड एरर साधारण ६.७ येतो. त्यावरून ९५ टक्क्यांची मर्यादा काढली तर ती अंदाजे ११ ते ३९ इतकी पसरते. इतक्या लहान आणि एका बाजूला झुकलेल्या नमुन्याला हे सूत्र जरा ओढूनताणूनच लागतं, पण अंदाजापुरतं चालेल. अकराची सरासरी म्हणजे शेवटून दुसरा येणारा गोलंदाज. एकोणचाळीसची सरासरी म्हणजे त्या काळी कुठल्याही संघात जागा. चौदा डावांचा हा डेटा या दोघांत फरक करू शकत नाही. आणखी एक गंमत करून बघा. ओव्हलचा ८१ धावांचा शेवटचा डाव बाजूला ठेवा, सरासरी २०.७वर येते. एका डावानं चार धावांचा फरक पडतो.

इथपर्यंत तर पेपर एकच आहे. नमुना लहान, अनिश्चितता मोठी. पण संशोधकानं इथे थांबायचं नसतं. नमुना लहान आहे हे कळल्यावर तो लहान का आहे हे विचारावं लागतं, आणि हा दुसरा प्रश्न बहुतेक वेळा इतिहासाचा असतो.

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५चा, नागपूरचा. भारताची पहिली कसोटी लॉर्ड्सवर सुरू झाली २५ जून १९३२ला. त्या सकाळी कर्णधार नायडू ३६ वर्षं आणि जवळपास आठ महिन्यांचे होते. त्यांची शेवटची कसोटी ऑगस्ट १९३६ची, तेव्हा वय ४०. या चार वर्षांत भारत एकूण किती कसोटी खेळला? १९३२मध्ये एक, १९३३-३४मध्ये तीन, १९३६मध्ये तीन. सात. नायडू सातही खेळले. अंश सात आणि छेदही सात.

म्हणजे 'फक्त सात कसोटी' या शब्दांत नायडूंबद्दल काहीच माहिती नाही. माहिती आहे ती देशाबद्दल. सचिन तेंडुलकर पहिली कसोटी सोळाव्या वर्षी खेळला आणि शेवटची चाळिशी ओलांडल्यावर, एकूण २००. नायडूही चाळिसाव्या वर्षीच थांबले. फरक पडला तो सोळा ते छत्तीस या वीस वर्षांचा. त्या वीस वर्षांत भारताचा कसोटी संघच अस्तित्वात नव्हता.

प्रयोगशाळेतलं उदाहरण देतो. जिवाणूंची वाढ मोजायची आहे. कल्चर सकाळी लावलं, पण स्पेक्ट्रोफोटोमीटर दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. तोपर्यंत वाढीचा वेगवान टप्पा संपून आलेख सपाट झालेला. तुम्ही त्या दुपारपासून इमानदारीनं दर अर्ध्या तासाला रीडिंग घेतलं. प्रत्येक रीडिंग अचूक, यंत्र उत्तम. निष्कर्ष काय निघेल? हा जिवाणू फारसा वाढत नाही. नायडूंच्या पंचवीसचं असंच आहे. यंत्र उशिरा आलं.

मग आधीच्या वीस वर्षांत काय झालं? तेव्हाचंही मोजमाप आहेच, फक्त ते दुसऱ्या वहीत आहे. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या.

नायडू नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजिएट शाळेत शिकले. घर सुखवस्तू, वकिलीचं. वडील केंब्रिजला शिकून आलेले. १९१६मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून ते पहिल्यांदा प्रथम श्रेणी सामना खेळले. चौरंगी म्हणजे युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम अशी धर्मावर वाटणी केलेली स्पर्धा. आज विचित्र वाटतं, पण तेव्हा देशातलं सगळ्यांत मोठं क्रिकेट तेच होतं. युरोपियनांविरुद्ध हिंदूंची अवस्था ७ बाद ७९ असताना नवव्या क्रमांकावर वीस वर्षांचा हा पोरगा आला. पहिले तीन चेंडू नुसते अडवले आणि चौथा सरळ षटकार. १९२३मध्ये तुकोजीराव होळकरांच्या बोलावण्यावरून ते इंदूरला गेले, होळकरांच्या फौजेत अधिकारी झाले आणि पुढे इंदूरचेच होऊन राहिले.

त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यांत महत्त्वाचा दिवस कुठला, असं मला विचारलं तर मी लॉर्ड्सचं नाव घेणार नाही. तो दिवस आहे १ डिसेंबर १९२६, ठिकाण बॉम्बे जिमखाना.

आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ भारतात आला होता. समोर हिंदू संघ. एमसीसीनं ३६३ धावा केल्या. त्यांच्या गाय अर्ल यांनी आठ षटकारांसह १३० धावा कुटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी नायडू खेळायला आले. ११६ मिनिटांत १५३ धावा, १३ चौकार, ११ षटकार. एक चेंडू जिमखान्याच्या छपरावर जाऊन पडला. एमसीसीनं त्यांना चांदीची बॅट भेट दिली.

आता या डावाचं मोजमाप कसं करणार? कसोटीच्या वहीत त्याची नोंद नाही, कारण तो कसोटी सामना नव्हता. पण परिणाम बघा. भारतीय खेळाडू एमसीसीसारख्या संघाला असं झोडपू शकतात हे मुंबईच्या गर्दीनं पाहिलं आणि गिलिगन यांनीही पाहिलं. भारतानं स्वतःचं मंडळ स्थापन करावं आणि अधिकृत कसोटी खेळाव्यात, या विचाराला त्यांनी पाठबळ दिलं. डिसेंबर १९२८मध्ये बीसीसीआय स्थापन झालं, १९३२मध्ये भारताला पहिली कसोटी मिळाली. हे सगळं एका डावामुळे झालं असं मी म्हणणार नाही. संस्थानिकांचा पैसा, दिल्लीतल्या बैठका, साम्राज्याचं राजकारण, सगळंच त्यात होतं. पण त्या डावाशिवाय ही गोष्ट सांगताही येत नाही. जी वही उघडायला नायडूंचा हातभार लागला, त्याच वहीत त्यांच्या नावापुढे २५ लिहिलं आहे.

१९३२च्या इंग्लंड दौऱ्याकडे येऊ, कारण तिथे आपल्याला जरा बरा नमुना मिळतो. कर्णधार होते पोरबंदरचे महाराज. संस्थानिकच कर्णधार असायचा, ही तेव्हाची रीत. आपल्याला हा खेळ फारसा जमत नाही हे महाराजांनी स्वतःच ओळखलं आणि मोठेपणानं बाजूला झाले. उपकर्णधार लिंबडीचे घनश्यामसिंहजी जखमी होते. म्हणून लॉर्ड्सवर नाणेफेकीला नायडू गेले. त्या एका कसोटीत मोहम्मद निसार आणि अमर सिंग यांनी इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ करून टाकली होती. नायडूंच्या हाताला क्षेत्ररक्षण करताना दुखापत झाली, तरी पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच. भारत १५८ धावांनी हरला.

पण दौरा एका कसोटीचा नव्हता. नायडू त्या मोसमात सगळे २६ प्रथम श्रेणी सामने खेळले. १,६१८ धावा, सरासरी ४०.४५, आणि वर ६५ बळी. छत्तिसाव्या वर्षी, अनोळखी हवेत, पावसाळी खेळपट्ट्यांवर. विस्डेननं १९३३मध्ये वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंत त्यांना घेतलं. चौदा डावांचा नमुना दोन देशांत आणि चार वर्षांत विखुरलेला. हा नमुना जवळपास तिप्पट मोठा आणि एकाच उन्हाळ्यातला. दोन्हींतला कुठला जास्त विश्वासाचा, हे सांगायला नकोच.

याच दौऱ्यातली एक दंतकथा सांगतो, कारण संदर्भ तपासण्याचा सराव म्हणून ती फार छान आहे. बर्मिंगहॅमला एजबॅस्टन मैदानावर नायडूंनी असा षटकार मारला की चेंडू मैदानालगतच्या री नदीपलीकडे गेला. री नदी म्हणजे वॉरिकशर आणि वुस्टरशर या दोन परगण्यांची हद्द, म्हणजे षटकार एका परगण्यातून दुसऱ्या परगण्यात! तुम्ही हे कुठे ना कुठे वाचलं असेल. मीही दहा ठिकाणी वाचलं आणि प्रत्येक ठिकाणी शब्द जवळपास तेच. एवढी एकवाक्यता दिसली की मला शंका येते. मग क्रिकेट सोडून परगण्यांच्या हद्दी बघितल्या. नदीपलीकडचा बाल्सल हीथ भाग १८९१मध्येच बर्मिंगहॅममध्ये आला होता आणि मोझलीकडचा भाग १९११मध्ये. त्याबरोबर ते वुस्टरशरमधून निघून वॉरिकशरमध्ये गेले. म्हणजे १९३२च्या उन्हाळ्यात नदीच्या दोन्ही काठांवर वॉरिकशरच होतं. षटकार यामुळे खोटा ठरत नाही. हद्द मात्र वीस-चाळीस वर्षं शिळी निघाली. दहा संदर्भ एकमेकांचीच नक्कल करत असतील तर त्यांची किंमत एकच असते, हे या एका षटकारानं मला जेवढं शिकवलं तेवढं संदर्भसूचीवरच्या कार्यशाळेनंही शिकवलं नाही.

भारतातली पहिली कसोटी १५ डिसेंबर १९३३ला सुरू झाली, पुन्हा त्याच बॉम्बे जिमखान्यावर. समोर डग्लस जार्डिनचा संघ. दुसऱ्या डावात लाला अमरनाथ यांनी ११८ धावा केल्या, भारताकडून कसोटीतलं पहिलं शतक. दुसऱ्या टोकाला ६७ धावांवर खेळत होते नायडू. दोघांची भागीदारी १८६ धावांची.

१९३६ला मात्र रीत परत आली. कर्णधार झाले विजयनगरमचे महाराजकुमार, ज्यांना सगळे 'विझी' म्हणतात. संघात गट पडले, अमरनाथ यांना शिस्तीच्या नावाखाली कसोटी सुरू होण्याआधीच घरी पाठवलं आणि दौरा चालू असतानाच विझींना 'सर' हा किताब मिळाला. नायडू साधे खेळाडू म्हणून खेळले. ओव्हलच्या दुसऱ्या डावात गबी अॅलनचा वेगवान चेंडू त्यांच्या पोटाजवळ जोरात लागला. ते खेळत राहिले, ८१ धावा केल्या आणि भारताचा डावानं होणारा पराभव टळला. तोच त्यांचा कसोटीतला शेवटचा डाव. कर्णधार म्हणून त्यांच्या नावावर एकूण चार कसोटी आहेत, तीन पराभव आणि एक अनिर्णित. हा आकडाही असाच नुसता वाचायचा नसतो, एवढं म्हणून पुढे जातो.

आता उलट बाजू. वकिली करायला बसलं की सगळा पुरावा आपल्याच बाजूचा दिसायला लागतो, आणि संशोधनात नेमकं तेच टाळायचं असतं. त्याच १९३६च्या मँचेस्टर कसोटीत विजय मर्चंट यांनी ११४ आणि मुश्ताक अली यांनी ११२ धावा केल्या. संघ तोच, गोलंदाज तेच, राजकारणही तेच. म्हणजे नायडूंच्या १६ आणि ३४चं खापर सगळं परिस्थितीवर फोडता येत नाही. प्रथम श्रेणीची मोठी वही उघडली तरी नायडूंची सरासरी ३५.९४ भरते: २०७ सामने, ११,८२५ धावा, २६ शतकं, आणि गोलंदाज म्हणून ४११ बळी. मर्चंट यांची प्रथम श्रेणी सरासरी ७१.६४, दुप्पट. मर्चंट सोळा वर्षांनी लहान होते हे खरं, आणि नायडूंच्या बेरजेत साठीनंतरचे डावही धरलेले आहेत हेही खरं. तरीसुद्धा नुसत्या धावांच्या हिशेबात मर्चंट वरचढ होते, ते मान्य करावंच लागेल. मग लोक झाडांवर चढून नायडूंना का बघायचे?

ही अडचण एकट्या क्रिकेटची नाही. फुटबॉलमध्ये तिचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण आहे स्टॅन्ली मॅथ्यूज. इंग्लंडचे उजव्या बगलेवरून धावणारे विंगर, १९१५ साली स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हॅन्ली भागात जन्मलेले, न्हाव्याचं दुकान चालवणाऱ्या मुष्टियोद्ध्याचे चिरंजीव. स्टोक सिटी आणि ब्लॅकपूल या दोन क्लबांसाठी ते लीगचे ६९७ सामने खेळले. गोल किती? ७१. दहा सामन्यांमागे एक. गोलांच्या तक्त्यावरून कुणी इतिहास लिहिला तर मॅथ्यूज तळटीपेतही सापडायचे नाहीत. पण २ मे १९५३ला वेम्बलीवर एफए कपचा जो अंतिम सामना झाला, तो आजही 'मॅथ्यूज फायनल' म्हणूनच ओळखला जातो. ब्लॅकपूल बोल्टनविरुद्ध १-३नं मागे होतं आणि वीस-बावीस मिनिटं उरली होती. अडतीस वर्षांचे मॅथ्यूज उजव्या बाजूनं बचावपटूंना एकामागोमाग एक चकवत राहिले, गोलसमोर चेंडू देत राहिले, आणि ब्लॅकपूल ४-३नं जिंकलं. तीन गोल स्टॅन मॉर्टेन्सन यांचे, निर्णायक गोल बिल पेरी यांचा. मॅथ्यूज यांचा एकही नाही! हॅटट्रिक दुसऱ्याची आणि सामना यांच्या नावाचा. बिचारे मॉर्टेन्सन.

गोलाआधीचा पास मोजायची तेव्हा पद्धत नव्हती. जे मोजलं जात नव्हतं तेच मॅथ्यूज करत होते. बघणाऱ्यांना ते दिसत होतं, तक्त्याला दिसत नव्हतं. नायडूंचंही काहीसं असंच. धावा किती यापेक्षा त्या कशा आणि कुणासमोर केल्या, हे बघायला लोक यायचे. १९२६च्या मैदानावर साहेबांच्या गोलंदाजीला छपरावर भिरकावणारा हिंदी माणूस दिसत होता. त्याला धावफलकावर रकाना नाही. बाजाराला मात्र हे कळलं होतं. १९४१मध्ये बाथगेट लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीत नायडू झळकले. भारतीय क्रिकेटपटूनं केलेली ती पहिली जाहिरात समजली जाते. तेव्हा त्यांची शेवटची कसोटी होऊन पाच वर्षं झाली होती. टॉनिक विकणाऱ्यानं सरासरी बघून पैसे लावले नसणार.

मला स्वतःला नायडूंच्या कारकिर्दीतला सगळ्यांत आवडता भाग होळकर संघाचा आहे. त्याबद्दल फार कमी बोललं जातं, कारण तो संघ आता नाही. संस्थानं विलीन झाली आणि १९५४-५५च्या मोसमानंतर होळकर हे नावही रणजी करंडकातून गेलं. पण १९४४-४५ ते १९५२-५३ या नऊ मोसमांत नायडूंच्या नेतृत्वाखाली हा संघ आठ वेळा अंतिम सामन्यात गेला आणि चार वेळा जिंकला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे, हिरालाल गायकवाड, अशी ती मंडळी. पहिला अंतिम सामना मुंबईविरुद्ध होता. त्यात दोन्ही संघांच्या मिळून २,०७८ धावा झाल्या. महायुद्धामुळे भारतात असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून नाबाद २४९ खेळला, तरी मर्चंट यांच्या २७८ धावांपुढे होळकर ३७४ धावांनी हरले. पुढच्याच मोसमात बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात खुद्द नायडूंनी २०० धावा केल्या, त्यांची प्रथम श्रेणीतली सर्वोच्च. वय पन्नास पूर्ण.

हे साल नीट बघा. १९४६. त्याच उन्हाळ्यात भारतीय संघ दहा वर्षांनी पुन्हा कसोटी खेळायला इंग्लंडला गेला. म्हणजे नायडूंची कसोटी कारकीर्द सुरू होण्याआधीची वीस वर्षं जशी वहीबाहेर राहिली, तशीच नंतरची दहाही. पन्नाशीच्या माणसाला संघात घ्यायला हवं होतं असं माझं म्हणणं नाही. पण ज्या चार वर्षांवरून आपण त्यांना मोजतो त्याच्या दोन्ही बाजूंना केवढी मोठी कारकीर्द पसरलेली आहे, हे त्या २००मुळे दिसतं.

टपरीवर प्रश्न विचारणारा तो पोरगा एकोणतीस वर्षांचा आहे. बारावीनंतर चार वर्षं घरची शेती बघितली, मग उशिरानं बीएस्सी आणि एमएस्सी. त्याला काळजी आहे की मुलाखतीत वयाच्या मानानं पेपर किती असं विचारतील. त्या संध्याकाळी मी त्याला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या वहीत ते चौदा आकडे लिहून दिले आणि शेजारी सात भागिले सात. त्यानं प्रमाण विचलन काढलं, २४.९७. म्हणाला, "हे तर सरासरीएवढंच आलं." म्हटलं, आता का आलं ते शोध.

वयाच्या हिशेबाचं एक सांगायचं राहिलं, कारण त्यात हमखास गोंधळ होतो. नायडू शेवटचा रणजी मोसम १९५६-५७मध्ये खेळले. कुठे त्यांचं वय ६१ लिहिलेलं सापडतं, कुठे ६२. दोन्ही बरोबर आहेत. ६१ पूर्ण होती आणि ६२वं चालू होतं. दोन संदर्भांत एका वर्षाचा फरक दिसला की आधी हे तपासावं, मग कुणाला चुकीचं ठरवावं. १९५६मध्येच त्यांना पद्मभूषण मिळाला. युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूसाठीचा बॅलन डी'ऑर पुरस्कारही १९५६मध्येच सुरू झाला आणि पहिला मान एक्केचाळीस वर्षांच्या मॅथ्यूज यांना मिळाला. मॅथ्यूज पुढे ६ फेब्रुवारी १९६५पर्यंत इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळले. वय ५० वर्षं आणि पाच दिवस. त्याच वर्षी ते 'सर' झाले. नायडू त्यांनाही मागे टाकतात. त्यांचा शेवटचा प्रथम श्रेणी सामना १९६३-६४चा, महाराष्ट्र राज्यपाल संघाकडून मुख्यमंत्री संघाविरुद्ध, वय ६८. १९१६ ते १९६३. १४ नोव्हेंबर १९६७ला इंदूरला त्यांचं निधन झालं. बीसीसीआयचा जीवनगौरव पुरस्कार आज त्यांच्या नावानं दिला जातो. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू भारतातल्या पहिल्या महिला क्रिकेट समालोचकांपैकी एक, त्यांनी वडिलांवर पुस्तकही लिहिलं.

पण माझ्या डोळ्यांसमोर राहतो तो १९५६-५७चाच मोसम. उत्तर प्रदेशचा संघ, कर्णधार एकसष्ट वर्षांचे नायडू, समोर राजस्थान आणि गोलंदाजीला विनू मांकड. नायडूंनी मांकडना दोन षटकार मारले आणि ८४वर धावबाद झाले. धावफलकावर एवढंच आहे: धावबाद ८४. एकसष्ट वर्षांच्या माणसाला धाव घ्यायला बोलावलं कुणी, ते तिथे लिहिलेलं नाही.